ओळीचा राखणदार

रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. तारीख बदलून 9 ऑगस्ट 2024 लागली होती आणि सकाळी नागपंचमी होती. धरणगावात पावसाची झिमझिम आणि लाइटीचं जाणं-येणं चालू. टीव्हीचा भरवसा नाही म्हणून मी मोबाइलवर पॅरिस ऑलिम्पिकमधल्या अमेरिका-सर्बिया बास्केटबॉल उपांत्य सामन्याचं आकडेवारीचं पत्रक उघडून बसलो होतो. चित्र नाही, आवाज नाही. नुसते बदलत जाणारे आकडे. बायको पाणी प्यायला उठली. मोबाइलमध्ये डोकावून म्हणाली, ‘‘अहो, या वेळी कोणाचे मार्क बघताय?’’

मार्कच म्हणायचे. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा अमेरिका 13 गुणांनी मागे होती, आणि शेवटी 95-91 अशी जिंकली. स्टीफन करीच्या ओळीत 36 गुण, त्यात नऊ तीन-गुणी बास्केट. लेब्रॉन जेम्सच्या ओळीत 16 गुण, 12 रिबाउंड, 10 असिस्ट. दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरांत याच दोन ओळी झळकणार, हे उघड होतं. माझी नजर मात्र जेसन टेटमच्या ओळीवर अडली. जूनमध्ये बोस्टन सेल्टिक्सने एनबीएचं विजेतेपद मिळवलं, त्या संघाचा हा बिनीचा खेळाडू. इथे त्याच्या नावापुढे एकही आकडा नाही. खेळला नाही, एवढीच नोंद. शून्य आणि कोरं यांतला फरक स्कोअररला समजावून सांगावा लागत नाही. शून्य म्हणजे उतरला, पण जमलं नाही. कोरं म्हणजे उतरवलंच नाही. पण नाव होतं. बारा नावांत त्याचं नाव त्याच्या जागेवर होतं, आणि ते तिथे लिहिणारं कोणीतरी होतं.

मी ते लिहिणाऱ्यांपैकी. गेली पंचवीस वर्षं शाळेत खेळ शिकवतो आणि जळगाव-धुळे भागातल्या स्पर्धांना टेबलावर बसतो. आमच्यात ‘टेबलावर बसणं’ म्हणजे स्कोअरशीट लिहिणं.

सुरुवातीला मैदानही धड नव्हतं. काळी माती, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चिखल. त्यावर मुरूम टाकून, रोलर फिरवून, चुन्याने 28 बाय 15 मीटरचा चौकोन आखायचा. एक वयस्कर सहकारी चहा पिता पिता चिडवायचे, ‘‘गुरुजी, हे बालकवींचं गाव. इथे हे अमेरिकेचं खूळ कशाला?’’ बालकवी धरणगावचे, जन्म 1890 चा. आणि नेस्मिथ नावाच्या मास्तराने अमेरिकेत स्प्रिंगफील्डला सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकून हा खेळ काढला तो डिसेंबर 1891 मध्ये. मी म्हणायचो, ‘‘सर, आपल्या कवीपेक्षा हा खेळ वर्षा-सव्वा वर्षानेच लहान आहे. धाकट्या भावाला ओसरीवर तरी बसू द्या.’’ ते हसायचे आणि रोलर ओढायला दोन मुलं जास्तीची द्यायचे.

आमचं टेबल म्हणजे वर्गातला बाक. वारा सुटला की शीट उडतं, म्हणून चारही कोपऱ्यांवर चार खडे. चोवीस सेकंदांचं शॉट क्लॉक आमच्याकडे म्हणजे स्टॉपवॉच घेतलेला नववीतला मुलगा. तो शेवटचे पाच आकडे घसा फोडून ओरडतो. चेंडूची पाळी कोणाची, हे दाखवणारा बाण जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा. पण शीट मात्र तेच, जे जगात सगळीकडे चालतं. पॅरिसचा अधिकृत स्कोअरर आणि मी एकच लिपी लिहितो, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

ती लिपी एकदा जवळून बघण्यासारखी आहे. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. खेळाडू मैदानात उतरली की तिच्या नावापुढे फुली. सुरुवातीच्या पाच जणींच्या फुलीला गोल. उजवीकडे एक, दोन, तीन असे आकडे खालपर्यंत छापलेले असतात. बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी टाकणारीचा नंबर. फ्री थ्रो असेल तर भरीव टिंब. तीन-गुणी असेल तर नंबराभोवती गोल. डावीकडे नावापुढे फाउलची पाच घरं. साधा फाउल झाला की इंग्रजी ‘पी’, त्याच्या पायाशी किती फ्री थ्रो मिळाले तो आकडा. पाचवं घर भरलं की ती बाहेर. क्वार्टर संपला की शेवटच्या आकड्याला जाड गोल आणि खाली जाड रेघ. सामना संपल्यावर शीट वाचलं तर चाळीस मिनिटं पुन्हा उलगडतात. लाल शाई कुठे दाट झाली, कुठल्या मिनिटाला टाइम-आउट घ्यावा लागला, कोण दमली, कोण तापली, सगळं दिसतं.

नियमाने शीटच्या प्रती रंगीत असतात. मूळ पांढरी, जिंकणाऱ्यांना गुलाबी, हरणाऱ्यांना पिवळी. आमच्याकडे कार्बन घालून तिन्ही पांढऱ्याच. कार्बन जुना असला की तिसऱ्या प्रतीवर सहाचा आठ होतो.

मुलींच्या बनियनवरचे नंबर चार ते पंधरा. आंतरराष्ट्रीय सामन्यांतही बरीच वर्षं हेच होते; एक, दोन, तीन ही बोटं पंचाला गुण आणि सेकंद दाखवायला लागतात, तेव्हा गोंधळ नको म्हणून. आमच्याकडे नंबर पांढऱ्या पट्टीने शिवलेले असायचे. धुऊन धुऊन पट्टी उसवायची. सहा आणि नऊ यांत फरक उरायचा तो शेपटीच्या दिशेचा.

माझी चूक याच सहा आणि नऊमधली.

वीस-बावीस वर्षं झाली. तालुक्याच्या एका गावी मुलींचा अंतिम सामना होता. ऑक्टोबरचा उकाडा, धूळ, आणि मैदानाच्या दोन्ही बाजूंना दोन्ही शाळांची पोरं ताटं-चमचे वाजवत उभी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रिंगखाली झोंबाझोंबी झाली. शॉट चुकला, चेंडू बोर्डाला लागून खाली आला, चार-पाच हात वर गेले, त्यांतल्या एका हाताने तो परत वर ढकलला, आणि तो रिंगवर एक गिरकी घेऊन आत पडला. पंचाने दोन बोटं दाखवली. बनियन खोचलेला, नंबर अर्धा कमरेच्या नाडीखाली गेलेला. शेपटी दिसली नाही. मी लाल पेनाने लिहिलं: नऊ. नऊ नंबरची मुलगी त्यांची भरवशाची होती. तिने आधीच अकरा गुण केले होते. चेंडू आत गेला म्हणजे तिनेच टाकला असणार, असं हाताला वाटलं. डोळ्याने पाहिलं नव्हतं.

सामना सुटला. तोच संघ तीन-चार गुणांनी जिंकला. मी बेरजा जुळवत होतो, मुख्य पंच सही करायला येणार होते. तेवढ्यात एक मुलगी बाकाशी येऊन उभी राहिली. सडपातळ, गुडघा खरचटलेला, वेणी सुटलेली. बनियन बाहेर काढलेला, त्यामुळे आता नंबर स्वच्छ दिसत होता. सहा.

‘‘सर, ती बास्केट मनी व्हती.’’

मी शीटवर बोट फिरवलं. तिच्या ओळीत तीन ‘पी’ होते, तीन फाउल. गुण एकही नाही. चार सामन्यांत मिळून तिची तेवढी एकच बास्केट होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की खाडाखोड केली की शीट घाण होणार, कार्बनवर तिन्ही प्रती बिघडणार, आणि आमची शेवटची एसटी सव्वासहाला आहे. सही अजून व्हायची होती. मुख्य पंचाची सही होईपर्यंत चूक सुधारता येते, हा नियम मला पाठ होता. तरी मी म्हणालो, ‘‘अगं, टोटल तर बरोबर आहे ना? जिंकलात ना तुम्ही?’’

ती ‘हो सर’ म्हणाली आणि गेली. वाद घातला नाही, रडली नाही. तिच्या मैत्रिणी नऊ नंबरला खांद्यावर उचलत होत्या. तिथे जाऊन तीही टाळ्या वाजवायला लागली.

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीला नुकती सुरुवात झालेली. बांधावर बाया गाठोडी बांधून बसल्या होत्या, वजनकाट्याची वाट बघत. ते पाहिलं आणि पोटात खड्डा पडला. कारण ‘टोटल तर बरोबर आहे ना’ हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो नव्हतो.

माझी आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. वेचणीचे पैसे किलोवर. टोळीत तीच एक सातवी शिकलेली, म्हणून वही तिच्याकडे. संध्याकाळी बांधावर तीन लाकडांच्या तिकाटण्याला काटा टांगायचे. एकेकीचं गाठोडं त्याला लावायचं, आणि आई बोलून बोलून लिहायची: हिचे सतरा, हिचे एकवीस, हिचे बारा. शेवटी बेरीज. शेतमालक बेरीज बघायचा, कारण पुढे जिनिंगच्या काट्यावर त्याला तीच लागायची. धरणगाव जिनिंगचं गाव. हंगामात हवेतच सरकी आणि रुईची धूळ तरंगते. बेरीज चुकली तर आरडाओरडा व्हायचा. मुकादम मोजायचा, मालक मोजायचा, गाडीवाला मोजायचा.

एकदा रात्री भाकरी थापता थापता आई थांबली. एका बाईचे अकरा किलो तिने शेजारच्या ओळीत चढवले होते. तिने तवा उतरवला, वही काखेत मारली, बॅटरी घेतली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला निघाली. मी तेव्हा सहावी-सातवीत. भूक लागली होती. मी म्हणालो, ‘‘आई, टोटल तर बरोबर आहे ना? उद्या कर.’’

ती उंबऱ्यात वळली. ‘‘बेरीजवर शेठनं ध्यान शे रे. तिना नाववर कोनं ध्यान शे?’’

एसटीत ते वाक्य ऐकू आलं तेव्हा एरंडोल फाटा मागे पडला होता. उतरलो नाही. उतरून करणार काय होतो, सही तर होऊन गेली होती. आई तवा उतरवून गेली होती; मी शेवटची एसटी पकडली होती.

त्यानंतर मी जगातल्या मोठ्या सामन्यांची पत्रकं वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. टेबलाची सगळ्यात गाजलेली गडबड 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमधली, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत रशिया अंतिम सामन्यातली. तीन सेकंद उरलेले असताना डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो टाकले आणि अमेरिका 50-49 पुढे गेली. मग रशियन टाइम-आउटवरून वाद झाला, खेळ थांबवला, पुन्हा सुरू केला. घड्याळ तीन सेकंदांवर आणलं जात असतानाच भोंगा वाजला. शेवटी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी पुन्हा तीन सेकंद द्यायला लावले. त्या तीन सेकंदांत सोव्हिएत खेळाडू बेलोव्हने बास्केट केली. 51-50. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत, ती आजही घेतलेली नाहीत. तीन सेकंदांसाठी अर्धं शतक भांडण चाललं, कारण बेरीज बदलली होती. बेरजेला राखणदार पुष्कळ. दोन प्रशिक्षक, दोन बाक, प्रेक्षक, पेपरवाले, वर तो भलामोठा स्कोअरबोर्ड. ओळीला राखणदार एकच, पेन धरून बसलेला माणूस. आणि त्याची एसटी सव्वासहाची असते.

आता मोठ्या सामन्यांत कागदी शीटबरोबर संगणकावरही आकडेवारी घेतात. एका राज्यस्तरीय स्पर्धेत मी त्या लोकांशेजारी बसलो होतो. एक जण नजर मैदानावरून न काढता बोलत राहतो: ‘सात, दोनचा शॉट, चुकला, रिबाउंड बारा.’ दुसरा मान वर न करता टिपत राहतो. बोलणारा आणि टिपणारा वेगळे. मला हे फार आवडलं. बांधावर आई ते एकटीच करायची, पण मोठ्याने बोलून करायची, म्हणजे ऐकणाऱ्या दहा बाया आपोआप साक्षीदार व्हायच्या.

त्या लोकांकडून मी बरंच शिकलो. बास्केट कोणाची, हे डोळ्याला दिसतं. असिस्ट कोणाचा, हे ठरवावं लागतं. पास मिळाल्यावर खेळाडू थांबली, चकवलं, मग टाकला, तर पास देणारीला श्रेय द्यायचं की नाही? नियमावली सांगते की पासमुळे थेट बास्केट झाली पाहिजे. पण ‘थेट’ म्हणजे किती, हे शेवटी मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर. चुकलेला शॉट सरळ बाहेर गेला, कोणाच्या हाती लागला नाही, तर तो रिबाउंड कोणा एकीचा न धरता संघाच्या नावावर घालतात. मला ही सोय फार सभ्य वाटते. पाहिलं नाही, तर कोणाच्या नावावर ढकलू नका, सगळ्यांचं म्हणा. मी त्या दिवशी पाहिलं नव्हतं आणि नऊ लिहिलं होतं.

महासंघाचं एक कार्यक्षमतेचं गणितही आहे. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक यांची बेरीज करायची. चुकलेले शॉट, चुकलेले फ्री थ्रो आणि गमावलेले चेंडू वजा करायचे. एक आकडा हाती येतो. मुलांना हा फार आवडतो, ते एकमेकांचा काढत बसतात. पण आमची एक मुलगी होती, ती फक्त स्क्रीन लावायची. म्हणजे आपल्या खेळाडूची वाट मोकळी व्हावी म्हणून समोरचीच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. धक्के खायचे, चेंडूला हातही लागायचा नाही. या गणितात तिचा आकडा यायचा शून्याच्या आसपास. स्क्रीनसाठी शीटवर घरच नाही; पण तीच स्क्रीन जरा हलली तर फाउलचं घर तयार असतं. म्हणूनच ज्यांना घर आहे ते आकडे तरी ज्याच्या त्याच्या दारात पडावेत, एवढीच माझी धडपड.

2017 च्या जुलैमध्ये बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियममध्ये भारताच्या मुलींनी महिला आशिया कपच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला 75-73 असं हरवलं आणि अ गटात बढती मिळवली. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. मी ते पत्रक छापून खेळाच्या खोलीत दाराच्या मागे चिकटवलं. मुली पहिल्यांदा ‘लिमये’ शोधायच्या, कारण ते नाव त्यांना आपल्यातलं वाटायचं. मग मी त्यांना बाकीची अकरा नावं वाचायला लावायचो. दोन गुणांनी सामना जिंकला, म्हणजे एका बास्केटने. ती एक बास्केट काढून घेतली तर सामना बरोबरीत येतो. ती कोणाची? एकीने विचारलं, ‘‘सर, शेवटची का?’’ मी म्हणालो, ‘‘कुठलीही. पहिल्या मिनिटातलीसुद्धा.’’ तिने पुन्हा सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली.

ती सहा नंबरची मुलगी मला पुढे कधी भेटली नाही. जिल्ह्याच्या निवडीला तेव्हा शीट बघितली जात होती, एवढं मला माहीत आहे. एका बास्केटने तिची निवड झाली असती, असं मी म्हणत नाही. झाली नसतीच बहुधा. पण निवडणाऱ्यांनी तिची ओळ वाचली तेव्हा त्यात तीन फाउल होते आणि बाकी काही नव्हतं. चाळीस मिनिटं धावलेल्या मुलीची आम्ही ठेवलेली नोंद म्हणजे तिचे गुन्हे तेवढे. त्या शीटची तिसरी प्रत माझ्या कपाटात आहे. कार्बन पुसट झालाय. नऊ आता आठसारखा दिसतो.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. सामना संपला की सहीआधी दोन्ही कर्णधारांना टेबलापाशी बोलावतो आणि एकेक ओळ मोठ्याने वाचतो. चार नंबर, आठ गुण, दोन फाउल. पाच नंबर, गुण नाही, एक फाउल. जिच्यापुढे फुली नाही, तिचंही नाव वाचतो. नियमात असं काही नाही. पंच घड्याळ बघतात, मुली त्याला ‘हजेरी’ म्हणून हसतात, मागच्या सामन्याची हजेरी संपेपर्यंत पुढचे संघ मैदानात येऊन लेअप मारायला लागतात. आयोजकांनी मला एक-दोनदा गोड शब्दांत सुनावलंही आहे. मी वाचतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलींचा सामना, 31-27. जिंकणाऱ्यांची ओळ वाचत होतो. ‘‘अकरा नंबर, सहा गुण, एक फाउल.’’

अकरा नंबर कर्णधाराच्या मागेच बाटली तोंडाला लावून उभी होती. ‘‘सर, सहा नाहीत. चारच.’’

‘‘बघ बरं नीट आठवून.’’

‘‘चारच, सर. ती शेवटची हिची होती. मी नुसती उडी मारली.’’ आणि तिने मागून एका मुलीला दंडाला धरून पुढे ओढलं. तेरा नंबर. ती मुलगी खाली बघत होती. मी पंचांकडे पाहिलं. पंच म्हणाले, झोंबाझोंबी होती खरी. तेरा नंबरला विचारलं, ‘‘तुझी होती का गं?’’ तिने मान हलवली, हो म्हणून. इतकी हळू की कर्णधाराने दोनदा विचारलं.

तिन्ही प्रती वेगवेगळ्या करून मी प्रत्येकीवर अकरावर आडवी रेघ मारली, शेजारी तेरा लिहिलं, आणि पंचांनी तीन ठिकाणी सही केली. शीट घाण झालं. बेरीज 31-27 च राहिली. रस्त्यावर एसटीवाल्याने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला.

‘‘बारा नंबर,’’ मी पुढे वाचायला लागलो.